डिंडोलीतलं हिरवं बटण

अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे किस्से न मागता साठतात. आपण ऑफिसात बसून ठरवतो एक, आणि वापरणारी माणसं करतात भलतंच.

सुरतेत आमची लहानशी टीम आहे. मी स्क्रीन डिझाइन करते, जिग्नेश प्रोग्रामिंग बघतो. इथल्या डिंडोली भागात खानदेशातून आलेली बरीच म्हातारी माणसं दिवसभर घरी एकटी असतात. त्यांच्यासाठी आम्ही एक अ‍ॅप केलं. सकाळी फोन विचारतो, ‘बरं आहे ना?’ हिरवं बटण दाबायचं. नाही दाबलं, तर शेजाऱ्याला मेसेज जातो; आधी त्यात असायचं, ‘उत्तर आलेलं नाही, जरा भेटून या.’

सुरुवातीला आवाज एका निवेदिकेचा घेतला. शुद्ध, गोड. पण तो ऐकला की लोक फोनच बंद करायचे. एका आजींना कारण विचारलं.

‘बँकवाली शे ती. लोन देस.’

मग माझ्या मावशीचा आवाज घेतला, अहिराणीत. ‘बरं शे ना, माय?’ आता त्याच आजींची तक्रार आली, अ‍ॅप बिघडलंय. ‘मी तिला विचारलं, तू जेवनी का? तर बोलेच ना.’

जिग्नेश हसला. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला त्यांच्याकडे घेऊन चल.’ त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

सुरतेतल्याच कोसाडला एक सून कामावर जाताना सासूचं बटण स्वतःच दाबून जायची. मला वाटलं, घाईत असेल. ती म्हणाली, ‘ताई, शेजारीण दारात आली की सगळ्या गल्लीत होतं, ही सासूला बघत नाही.’ आम्ही मेसेजमधला ‘उत्तर आलेलं नाही’ हा मजकूर काढला. आता त्यात फक्त ‘भेटून या’ एवढंच असतं.

आणि दगाआबा. बायको गेल्यापासून डिंडोलीत एकटेच राहतात. त्यांनी पहिल्यांदा बटण दाबलं नाही, तेव्हा शेजारचे भगवानकाका हातातला घास टाकून धावले. आबा खुर्चीत, ठणठणीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. काका रोज जात राहिले. आम्हाला वाटलं, फोन बिघडला असणार, म्हणून आम्हीही पोहोचलो.

फोन चार्ज होता. आबा आणि काका समोरासमोर बसून चहा पीत होते.

मी विचारलं, ‘आबा, बटण चालत नाही का?’

‘चालस ना.’

‘मग दाबत का नाही?’

आबांनी बशी खाली ठेवली आणि काकांकडे बोट केलं.

‘दाबं की हाऊ येत नही.’