कडी मी घातली

"असलं सायबाच्या नजरंला पडाय नको," सावकार म्हणाला.

असलं म्हंजे आमी दोघी भणी. मी एका पायानं लंगडी. थोरली आक्का जलमाची आंधळी. आमच्या म्होरंच बोलला, गुरुजीला. जनावराबद्दल बोलावं तसं.

सांगते. भराभरा सांगते, न्हाईतर परत गिळीन.

निपाणीजवळचं आमचं गाव. पोरींची शाळा सावकारानंच काढल्याली, त्याच्या तमाखूच्या वखारीला लागून. शाळा तपासाय सरकारचा दिपोटी सायेब येणार हुता. त्यानं बरं लिवलं तरच सरकारची मदत. भिंती सारवल्या, पाट्या घासल्या. ऱ्हायलो आमी.

गुरुजी मला म्हणाला, तू मागं भिंतीला टेकून बस, पाय परकराखाली घे, कळायचं न्हाई. आक्काचे डोळे कशाखाली घेणार? तिला वखारीत बसवून ये.

आक्काला तिसापत्तूर पाढे तोंडपाठ. नुसतं ऐकून. माझं सतराला अडायचं, तीच हळूच सांगायची. त्याच आक्काचा हात धरून मी वखारीत नेली. म्हणलं, आज शाळा हितं भरणार, बस, पोरी येत्यातच. तमाखूच्या पोत्यांमधी बसवली. भाईरनं कडी घातली.

आन खरं सांगू? लंगडत लंगडत पळत सुटले. लई आनंद झालता. मला जागा मिळालती.

दिपोटी आला. काळा कोट. पाढे इचारले. एकोणतीसला समद्या पोरी गप. मग त्यानं एक कागद काढला.

"गावात आंधळी, मुकी, पांगळी मुलं किती? सरकारला आकडा हवाय. शहरात आंधळ्यांची शाळा आहे. नाव असेल तर कळवतो."

"एकबी न्हाई सायेब. देवाची किरपा," सावकार म्हणाला.

सायबानं शून्य लिवलं. आक्का भिंतीपल्याड. तिचा खोकला मला ऐकू येत हुता.

भिंत धरून मी उठले. परकर वर धरला, पाय दिसल असा.

"दोन हाईत सायेब. एक मी. एक त्या वखारीत कोंडल्याली."

कुणी कोंडली ते मातुर बोलले न्हाई. समद्यांनी सावकाराकडं बघितलं. मी बघू दिलं.

पोरगी जरा येडसर हाय म्हणून सावकार हसला. च्या थंड व्हायलाय म्हणाला. सायबानं माझ्या पायाकडं बघितलं आन कागद मिटला. "पुढच्या वर्षी बघू." शून्य तसंच. दुसऱ्या दिवशी हजेरीतनं माझं नाव काढलं.

सायेब च्याला गेल्यावर मी वखार उघडली. समदं आक्काला सांगितलं, रडत रडत.

"कडी वाजली तवाच कळलं गं," ती म्हणाली.

"मग हाक का मारली न्हाईस?"

"तू किती हौसंनं पळालीस. ऐकलं की मी."

मग तिनं इचारलं, ती शाळा कुठल्या शहरात हाय. मला ठावं न्हवतं. मी इचारलंच न्हवतं.

आता गोऱ्यांचं राज्य जाणार म्हणत्यात. जाऊ दे. नवं सरकारबी मोजाय येणारच. तवा आक्काला घिऊन मी म्होरं जाणार. आदी सांगणार, हिला कोंडणारी मी. मग शाळंचा पत्ता मागणार. तो लिवून दिल्याबिगर सायबाची गाडी गावाभाईर जाऊ देणार न्हाई. चाकाम्होरं आडवी पडंन.