आधी डोळे, मग जेसीबी

माझा हात लवकर उठतो, हे आधीच सांगून टाकते. माझी पाच वर्षांची संस्कृती दुसऱ्या हाकेला आली नाही, की तिसऱ्या वेळी धपाटाच बसतो. त्यामुळे शेजारच्या निकितानं चार वर्षांच्या पार्थवर कधीच हात उचलला नाही, हे मला बरेच दिवस नाटकच वाटायचं.

आमचं गाव शनिशिंगणापूर. घराला चौकट असते, दार नसतं. बाहेरच्यांना याचं फार कौतुक. लहान पोर असलेल्या बाईला विचारा म्हणावं! पोर घरात ठेवायला कडी नाही, आणि ‘कोंडून ठेवीन’ म्हणायचीही सोय नाही. निकिता संगमनेरची, दारं-कड्यांच्या घरात वाढलेली. अंघोळीतून पार्थ साबणाच्या फेसासकट रस्त्यावर पळायचा आणि ही ओल्या हातांनी भाविकांच्या गाड्यांमधून त्याच्यामागे. उचलून आणायची, पुन्हा पाणी घालायची, पण ओरडायची नाही. एकदा त्यानं भाकरी भिरकावली. हिनं ताट उचललं आणि म्हणाली, “आता चार वाजता.” तिच्या सासूनं, बनुमावशींनी, पदराआडून नातवाला बिस्किटं दिली. निकिता सासूशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा तेवढा माझ्याकडे ठेवायला आणून दिला.

बनुमावशींचा उपाय एकच, शनिदेव. दूध सांडलं, शनिदेव बघतोय. झोपत नाही, शनिदेव येईल. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला तर डोळे जातात. हे गावातलं प्रत्येक पोर ऐकत आलंय. मी स्वतः संस्कृतीला ऐकवलंय.

गेल्या श्रावणात संस्कृतीचा खेळण्यातला जेसीबी हरवला. तिच्या मामानं नगरहून आणलेला, पिवळा, पुढचं फावडं वरखाली होणारा. दोन दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारून पार्थची किंकाळी आली, “आई, मला दिसत न्हाई!”

मी धावत गेले. पोराचे दोन्ही डोळे सुजून चिकटले होते. तो पलंगाखाली बोट दाखवत होता, “मी घेतला, मी घेतला.” खाली आमचा जेसीबी. बनुमावशींनी कपाळावर हात मारला. “चोरी केली व्हय रं! उचल गं त्याला. जेसीबी देऊन टाक आन् शनिदेवाच्या चौथऱ्याफुडं नाक घासू दे त्याला, मंग डोळे उघडत्याल.”

खरं सांगते, मलाही क्षणभर ते पटलं. निकितानं मात्र कापूस कोमट पाण्यात भिजवला आणि त्याचे डोळे हलक्या हातानं पुसत बसली. पापण्या सुटल्या. “कोण दिसतंय?” तिनं विचारलं. “तू,” पार्थ म्हणाला आणि तिच्या गळ्यात पडून रडला.

सोनईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे आलेत, साथ आहे, पाच दिवस थेंब घाला. परत आल्यावर निकिता माझ्याकडे आली. “ताई, जेसीबी आमच्याकडंच हाय. पार्थचे डोळे बरे झाले की तोच आणून देईल. तोवर थांबाल?”

माझा पारा चढला. म्हटलं, वस्तू आमची, द्यायची तर आत्ता दे! ती म्हणाली, “आत्ता दिला तर त्याला वाटंल, दिला म्हणून डोळे उघडले. मग पुढच्या वेळी काही घेतलं आन् डोळे आले न्हाईत, तर तो परत का देईल?”

शेजारच्या चौकटीतून बनुमावशी ऐकत होत्या. “तुझा इस्वास न्हाई का देवावर?”

“हाय ना, आई. दर शनिवारी तेल घालते. पण चार वर्षांच्या पोराचे डोळे काढून घेणारा देव मला म्हाईत न्हाई.”

मी थांबायचं कबूल केलं. गल्लीत मात्र कुजबूज सुरू झाली, की ही बाई चोरीची वस्तू घरात ठेवून बसलीय. आमच्या गावात असं बोलणं ऐकून घेणं सोपं नाही. ती ऐकून घेत होती आणि दिवसातून चारदा पार्थच्या डोळ्यांत थेंब घालत होती.

पाचव्या दिवशी त्याचे डोळे स्वच्छ झाले, आणि त्याच सकाळी संस्कृतीचे चिकटले. मी निकिताकडे थेंबांचं विचारायला गेले, तेव्हा पार्थनं आजीला विचारलं, “संस्कृतीनं कुणाचं काय घेतलं?” मग त्यानं आईकडे पाहिलं. “म्हंजी देव डोळे न्हाई नेत? मंग मी जेसीबी ठिवू?”

“बघ!” बनुमावशी उसळल्या. “भ्या काढलंस आन् चोर केलास!”

निकिताचा चेहरा उतरलेला मी पाहिला. तिलाही तीच भीती असणार. साबणानं धुतलेला जेसीबी तिनं त्याच्या हातात दिला. “कुणाचा हाय हा?”

“संस्कृतीचा.”

“मग तू ठरव,” ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. भात करपला तरी उठली नाही. पार्थनं फावडं वर केलं, खाली केलं, छातीशी धरलं. बऱ्याच वेळानं उठून तो आमच्या घराकडे निघाला.

मी त्याच्या मागे गेले. संस्कृती भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांवर ओला कापूस. तिला काहीच दिसत नव्हतं. जेसीबी गुपचूप ठेवून तो पळाला असता तर तिला कळलंही नसतं. त्यानं तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं चाचपलं, “माझा जेसीबी! कुठं सापडला?”

मला वाटलं, आता हा म्हणेल, रस्त्यात.

“सापडला न्हाई,” पार्थ म्हणाला. “मी नेला हुता.” आणि तिथंच उभा राहिला.

मी चौकटीत आले. निकिता अजून तिच्या उंबऱ्यावरच होती. तिनं नुसती भुवई उंचावून विचारलं, काय झालं. मी मान डोलावली. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला, आणि माझ्या हाताची लाजही.