डॉक्टर ढोबळ्यांची किळस

डॉक्टर ढोबळे रुग्णाचा चेहरा पाहण्याआधी त्याचा दुखरा अवयव हुंगत. भाची सुनंदा हिला घेऊन मी त्यांच्या पुसदच्या दवाखान्यात प्रथम गेलो, तेव्हा तिच्या सुजलेल्या गुडघ्याशी वाकून त्यांनी नाक मुरडले.

“तेल! कोणं चोळलं हे?”

“आमच्याकडचा मालिशवाला आहे, साहेब. लई नावाजलेला,” तिचे यजमान प्रकाशराव अभिमानाने म्हणाले.

“नावाजलेला! आतून हाड पोखरून राह्यलं, अन् तुम्ही वरून कणीक तिंबून राह्यले. शी!”

जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायीभाव, असे मी पाठशाळेत शिकलो होतो. तो देह धारण करून समोर बसलेला पाहिला, तो येथे.

सुनंदाच्या नडगीच्या वरच्या टोकाला गाठ होती. ती कर्करोगाची नव्हती. पण कण जरी मागे राहिला तरी पुन्हा उगवणारी होती. डॉक्टरांनी हाडाला मोठी खिडकी पाडून ती खरवडली, पोकळीच्या भिंती यंत्राने घासल्या, औषधाने जाळल्या आणि ती जागा हाडाच्या सिमेंटने भरली.

“खरकटं ठेवून उठणाऱ्या सर्जनची मले लई किळस येते, शास्त्रीबुवा,” ते म्हणाले. “पण डोळ्याले न दिसलेलं खरकटं पुढं एक्स-रेच्या फोटोतच दिसते. पोरीले तारखेवर आणत जा.”

सुनंदा चालू लागली. प्रकाशरावांनी आपल्या गावी, ढाणकीला, सत्यनारायण घातला आणि डॉक्टरांचा सत्कार ठेवला. तोही नेमका फोटोच्या दिवशी. शाल खांद्यावर पडताच डॉक्टरांनी विचारले, “सुनंदाबाई, फोटो काढला?”

“घरी कार्यक्रम होता ना, साहेब. पुढच्या महिन्यात येतो. आता दुखून नाही राह्यलं.”

अंगावर पाल पडावी तशी त्यांनी शाल झटकली. “पाय जाईल तुमचा, अन् मले शाल कायले? प्रसाद गाडीत खा. चला!”

पाहुण्यांत कुजबुज झाली. मी प्रसादाचा द्रोण सांभाळत गाडीत बसलो.

फोटोत सिमेंटच्या कडेला काळी रेघ उमटली होती. गाठ परतत होती. लहान होती म्हणून पुन्हा खरवडता आली. पसरली असती, तर सांधा वाचला नसता.

यंदा डॉक्टर गेले. पुसदला शोकसभा ठरली. त्या सकाळी प्रकाशराव म्हणाले, “मामाजी, पुढच्या रांगेत जागा धरली आहे.”

“आज माह्या फोटोची तारीख आहे,” सुनंदा म्हणाली.

“अवं, सभेले नाही गेलो तर लोक काय म्हणतील?”

“अन् गेलो, तर डॉक्टरसाहेब काय म्हणतील?”

आम्ही दवाखान्यात गेलो. नव्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला; सिमेंटची कड स्वच्छ होती. बाहेर पडलो तेव्हा शोकसभेच्या भोंग्यातून कोणी ढोबळ्यांना देवमाणूस म्हणत होते, आणि तसबिरीला शाल अर्पण करण्यासाठी मान्यवरांना एकेक करून पुकारत होते.

सुनंदाने नाक मुरडले, थेट त्यांच्यासारखे.

“शी!” ती म्हणाली, आणि फोटो जपून पाकिटात सरकवून दमदार पावलांनी रस्ता ओलांडू लागली.