बाबांचा गुडघा आणि वेलीची साल

आमच्या प्रयोगशाळेत वनस्पतींची परीक्षा रंगावर होते. जांभळ्या द्रावणात पाल्याचा किंवा सालीचा अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचा आणि जांभळा रंग किती उडाला ते यंत्रावर मोजायचं. जितका जास्त उडेल तितका अर्क चांगला अँटिऑक्सिडंट. अरेरा कॉलोनीतल्या एका छोट्या संस्थेत मी नऊ वर्षं हेच करते आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातून एका वेलीची साल आली. तिकडचे लोक सांधे सुजले की तिचा काढा घेतात, म्हणून ती तपासायची होती. अर्क टाकताच द्रावण पिवळं पडायला लागलं. पेशींवरच्या चाचणीतही दाह कमी होताना दिसला. मला आनंद झाला आणि तो मी घरी जेवताना बोलून दाखवला. ते नडलं.

घरी म्हणजे साकेत नगरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते पुण्याहून या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या कारखान्यात बदलून आलेले इंजिनियर, निवृत्तीनंतर इथेच राहिले. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. उजवा गुडघा कायम सुजलेला.

"सूजन कमी करते ही साल," मी म्हणाले.

"सूज," बाबा म्हणाले. मी ग्वाल्हेरची, हिंदीत वाढलेली. माझं मराठी दुरुस्त करायचं काम त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून अंगावर घेतलं आहे. "नाव काय त्या वेलीचं?"

मी नाव सांगितलं. "पण बाबा, हे सगळं काचेच्या नळीत. माणसांवर अजून काही नाही."

"नळीत गुण आहे ना?"

"नळीत चहालाही गुण असतो."

त्यांनी भात कालवला. मला वाटलं, विषय संपला.

पण त्यांनी माझ्या नकळत मोबाईलवरून त्या वेलीच्या नावाची पावडर मागवली. मी कामावर गेले की ते रोज कोमट पाण्यातून एक चमचा घेत. इंजिनियर असल्यामुळे रोज सकाळी टेपनं गुडघ्याचा घेर मोजून वहीत लिहीत. तीन आठवड्यांत घेर दोन सेंटिमीटरनं कमी झाला. ते हबीबगंज स्टेशनापर्यंत चालत जाऊन यायला लागले. फिजिओथेरपीचे व्यायाम मानवले असं समजून मी त्यांचं कौतुक केलं. त्यांनी ते स्वीकारलं.

मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. अर्धा तास झाला तरी थांबेना. बाही वर केली तर दंडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. आम्ही रिक्षानं जवळच्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "और कोई दवा ले रहे हैं? जड़ी-बूटी, चूरन?"

"नहीं," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "दवा नहीं है. वनस्पती है."

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

दोन दिवस त्यांना ठेवून घेतलं. रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मला सांगितलं, "कपाटात, मोज्यांच्या मागे."

आमच्या सरांची परवानगी घेऊन मी ती पावडर तपासली. जांभळं द्रावण अर्ध्या तासानंतरही बऱ्यापैकी जांभळंच होतं. आमचा चहा तिच्यापेक्षा सरस ठरला असता. मग एका सहकाऱ्यानं पावडरीतले घटक वेगळे करणाऱ्या पट्टीवर तिच्या अर्काचा थेंब ठेवला आणि शेजारी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या विरघळवून त्यांचे थेंब. पावडरीतला एक ठिपका चढत जाऊन एका गोळीच्या ठिपक्याशेजारी बरोबर त्याच उंचीवर थांबला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हणजे पावडरीत ती गोळी मिसळलेली असावी. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते.

मी बाबांना सांगितलं.

"म्हणजे सूज उतरली ती गोळीनं?"

"बहुतेक."

"आणि तुझी वेल?"

"ती पावडरीत होती की नाही, तेच सांगता येत नाही."

त्यांनी घेराची वही उघडून पाहिली. "मोजमाप बरोबर होतं," म्हणाले.

"मोजमाप बरोबरच होतं, बाबा."

मला रागवायचं होतं. दोन दिवस मी त्या खाटेशेजारी बसून काय बोलायचं ते ठरवलंही होतं. पण वेलीचं नाव माझ्याच तोंडून गेलं होतं, आणि मी तसं म्हणाले.

"नाव मी विचारलं होतं," बाबा म्हणाले.

त्यांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं, गुडघ्याचा तक्ता जोडून. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. मग त्यांनी औषध खात्याकडे तक्रार केली. तिथून पावडरीचा नमुना मागवला आहे. गुडघा परत सुजला, आणि आता ते खरोखर व्यायाम करतात. आमची साल सध्या उंदरांवर चालू आहे. उंदरांचं काही नक्की कळत नाही.

गेल्या आठवड्यात बाबा बागेतून फिरून आले तेव्हा हातात पिशवी होती. आत त्यांच्या फिरायला येणाऱ्या मित्रांच्या जडीबुटीच्या दोन पुड्या आणि एक बाटली.

"यांना फारच लवकर गुण आलाय," ते म्हणाले, "म्हणून तुझ्या पट्टीवर ठेवायला मागून आणल्या."