बाबांसाठी हळदीचं दूध

इंदूरच्या विमानतळावर बाबांनी माझी बॅग दारापर्यंत ओढत आणली आणि तिथल्या जवानाला सांगितलं, "भिया, बेटी जर्मनी जा रही है, रिसर्च करने." त्याने काही विचारलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या नीट लिही." आयुष्यभर भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये पोरांना गणित शिकवलेला माणूस, निरोपही तसाच.

त्याला नऊ वर्षं झाली. इथल्या लॅबमध्ये आम्ही हळदीतलं एक द्रव्य म्हाताऱ्या होत चाललेल्या मेंदूच्या पेशींना देऊन पाहतो. काचेच्या ताटलीत त्या पेशी जरा जास्त तग धरतात. हे मी एकदा उत्साहाने आईला फोनवर सांगून बसले. बाबा तेव्हा नुकतेच आपल्याच घराची गल्ली चुकायला लागले होते. दुसऱ्या दिवसापासून आईने त्यांना हळदीचं दूध सुरू केलं, सोबत भिजवलेले अक्रोड. दर रविवारी विचारायची, "तुझ्याकडे आगे काही निघालं का गं?" घर सोडून आलेल्या प्रत्येकाचा असा एक रविवारचा फोन असतो.

शेवटी खरं सांगितलं. "आई, खाल्लेल्या हळदीतलं फारसं काही मेंदूपर्यंत पोचतच नाही. माणसाला फायदा होतो, असं अजून कुणी ठाम सांगू शकत नाही."

"बरं. पण मी देत राहू ना? काही करत राहिलं की दिवस जातो."

"डॉक्टरांना विचारून दे," मी म्हटलं.

यंदा सुट्टी काढून गेले. आमच्याकडे घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, ही लहानपणापासूनची रीत. बाबांनी दार उघडलं, मला न्याहाळलं आणि अदबीने म्हणाले, "आइए, बैठिए. किससे मिलना है?"

चपला काढायला मला फार वेळ लागला.

"बाबा, मी मंजू."

ते नुसतं हसले. मग आत तोंड करून आईला म्हणाले, "अगं, चहा टाक. पोरगी लांबून आलेली दिसते. दमली आहे."

इथे जर्मनीत कुणी घर कुठलं विचारलं की मी अजूनही इंदूरच सांगते. पूर्वी मला वाटायचं, आपल्याला ओळखतात ते घर. आता वाटतं, आपण कोण हे विसरूनही आपलं दमणं ज्यांना दिसतं, त्यांच्याजवळ घर असतं. आणि तिथून मी सहा हजार किलोमीटर लांब आहे.