कुंपणातल्या दोन फळ्या

लॉकडाउनमध्ये एका सकाळी सिडनीत आमच्या वेंटवर्थव्हिलच्या घरामागच्या कुंपणाच्या दोन फळ्या निघालेल्या दिसल्या. वाऱ्याने नव्हे. कुणीतरी खिळे उपटून त्या पलीकडे नीट टेकवून ठेवल्या होत्या. पलीकडे ऐंशी ओलांडलेले एक फिलिपिनो आजोबा एकटेच राहायचे. मी बायकोला म्हटलं, "म्हातारा आपल्यावर नजर ठेवतोय."

"तुला वर्क फ्रॉम होम मानवत नाहीये," ती म्हणाली.

पण घरी पाहुणा आणायला बंदी होती, लोक पोलिसांना फोन करून शेजाऱ्यांना डॉब करत होते, म्हणजे त्यांच्या चुगल्या करत होते, आणि आमच्याकडे गणपती होते. युनिव्हर्सिटीपासूनचा एक मित्र दोन गल्ल्या सोडून एकटाच राहायचा. त्याच संध्याकाळी त्याला आरतीला मागच्या दाराने आत घेतलं. झांजा नाहीत, टाळ्या नाहीत. तिघांनी कुजबुजत आरती म्हटली. माझं अर्धं लक्ष त्या फटीकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक पोलीस आणि दोन सैनिक. आमच्या भागात तेव्हा पोलिसांच्या मदतीला लष्कर आलं होतं. चोराच्या मनात चांदणं, मला कालची आरती आठवली. त्यांनी विचारलं ते आधीच्या भाडेकरूबद्दल. तो इथे राहत नाही म्हटल्यावर "नो वरीज, मेट" म्हणून गेले. दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर समाधान झालं असतं. मी मात्र, भाडेकरू हे निमित्त, चुगली म्हाताऱ्याचीच, असं ठरवलं. फटीतून हात घालून फळ्या ओढल्या आणि सहा खिळे ठोकून पक्क्या केल्या.

संध्याकाळी बायकोने माझ्या हातात मोदकांचा डबा दिला. "आजोबांचा आहे. ख्रिसमसला केक दिला होता त्यांनी. रिकामा कसा परत करायचा?"

मास्क लावून कुरकुरत मागच्या अंगणात गेलो. आजोबा पलीकडे कुंपणापाशीच उभे होते, ठोकलेल्या फळीवर हात ठेवून. पोलिसांना फोन केलात का, असं मी तोंडावरच विचारणार होतो. त्याआधी त्यांनीच इंग्रजीत विचारलं, "सैनिक गेले?"

"गेले."

"महायुद्धात, मनिलात, मी सहा वर्षांचा होतो. जपानी घरं पेटवत होते, अमेरिकन तोफा डागत होते. रस्त्यावर पाऊल टाकलं की संपलं. भिंतींना भोकं पाडून आम्ही या घरातून त्या घरात जायचो. एका शेजाऱ्याला भीती वाटली, आमच्यामागून सैनिक आत येतील. त्याने आतून भोकाला कपाट लावलं."

"मग?"

"थोडी फट राहिली होती. मी लहान होतो, मावलो. आई मावली नाही."

ते पुढे म्हणाले, "परवा गल्लीत सैनिक बघितले आणि फळ्या काढायला घेतल्या. दोनच निघाल्या, हातात जोर नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं. सॉरी, मेट."

माफी त्यांनी मागितली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंपणावरून डबा त्यांच्या हातात दिला आणि घरात जाऊन हातोडी आणली.

सहाही खिळे काढले, फळ्या बाजूला ठेवल्या. मग उघडी पडलेली फट पाहिली. तिच्यातून फार तर एखादं मूल गेलं असतं.

मी आणखी तीन फळ्या काढल्या.