मूर्तिजापूरच्या स्टँडवरचा पाचवा प्रश्न

गाडी वेळेवर पोचण्याची खात्री नसते तेव्हा लोक एसटी निवडतात की काळी-पिवळी जीप, याचं गणिती प्रारूप मी पीएचडीसाठी मांडत होते. अख्खा उन्हाळा अकोल्याहून मूर्तिजापूरच्या स्टँडवर येऊन फॉर्म भरून घेतले.

पाचवा प्रश्न माझा लाडका होता. एसटी नक्की दीड तासात अमरावतीला पोचवेल. काळी-पिवळी कधी एका तासात, कधी दोन तासांत. तुम्ही कशाने जाल?

झेंडूची दोन गाठोडी घेऊन बसलेल्या एका मावशींना विचारलं.

"जे पयले आलं त्यात बसाचं."

"दोन्ही एकदम आल्या असं समजा."

"कावून समजू? कधी येतेत का एकदम?"

मी तीनदा विचारल्यावर त्या वैतागून म्हणाल्या, "लिही एसटी." थोड्या वेळात अर्धी रिकामी एसटी आली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. मागून आलेल्या काळी-पिवळीत चढून गेल्या. मी तो फॉर्म चुरगाळला, मग सरळ करून फाईलला लावला.

सांगायचं एक आणि बसायचं दुसऱ्यातच, असे फॉर्म ढीगभर झाले. "विसंगत उत्तरं काढून टाक," अमरावतीचे माझे मार्गदर्शक म्हणाले. काढली. तरी प्रारूप जुळेना.

पुढच्या आठवड्यात मावशी पुन्हा दिसल्या. एसटी सांगून जीपमध्ये का बसलात, मी जवळजवळ भांडतच विचारलं.

"त्या दिशीचा कंडक्टर फुलं चढू देत नाई. दुसरा देते. थो असला तं एसटी, नाई तं काळी-पिवळी."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तू इचारलं कुठी? तू तं नुसता टाइम इचारून राहिली होती."

मला माझाच संताप आला. त्याच दुपारी अमरावतीला जाऊन सरांना म्हटलं, सामानाचा प्रश्न घालून फॉर्म पुन्हा भरून घेते.

"आता? प्रबंध द्यायची वेळ आली. 'इतर कारणे' मध्ये टाक."

"सर, अर्धा स्टँड 'इतर' मध्येच जाईल."

ते हसले. मी ऐकलं नाही. अकरा दिवस एकटीने नवे फॉर्म भरले. ओझेवाल्यांपुरतं गणित बरंच जुळलं. सरांनी ते परिशिष्टात घालू दिलं, शेवटच्या चार पानांत.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तासभर दशांशचिन्हांवरून झाडलं. परिशिष्ट कुणी उघडलंच नाही. पदवी मिळाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि मी दिवसभर धुसफुसत राहिले.